राशीमागचा कडबा

एकदा एका काळ्या रानाच्या गावात जोंधळा उदंड पिकला आणि त्याच गावातलं दूध आटलं. ऐकायला विचित्र वाटेल. पण या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून घडल्या, आणि त्याच्या मनात कुणाचंही वाईट नव्हतं. म्हणून तर ही कथा सांगावीशी वाटते.

त्याचं नाव रेवण. घरात तो आणि त्याची म्हातारी आई. आईच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. सकाळ-संध्याकाळ वाटीभर दुधात भाकरी कुस्करून खायची, एवढंच तिचं जेवण. ते दूध कोसी नावाच्या त्यांच्या खिलार गाईचं. शेतीतलं जे काही रेवणला येत होतं, ते गावातल्या एका वृद्ध जाणत्याने शिकवलेलं. सगळे त्यांना बुवा म्हणत. पेरणीची पाभर कशी धरायची, पावसानंतर पेरणीजोगा वापसा कसा ओळखायचा, हे सारं रेवण त्यांच्या मागे फिरून शिकला. आणि शिकून झाल्यावर पुष्कळ शिष्यांना वाटतं तेच त्यालाही वाटू लागलं, की गुरूपेक्षा आपल्याला चार गोष्टी जास्तच कळतात.

एका वर्षी त्याने परगावाहून बुटक्या जोंधळ्याचं बियाणं आणलं. गावचा जुना जोंधळा माणसाच्या डोक्यावर हातभर जायचा. हा जेमतेम कमरेला लागे. पण कणीस असं भरगच्च की मुठीत मावू नये. खळ्यावर रास पडली ती दरवर्षीच्या दुप्पट. सारा गाव बघायला लोटला. रेवणने मोठ्या मानाने बुवांना बोलावणं धाडलं. राशीची पूजा त्यांच्या हातून व्हावी ही इच्छा होतीच, पण खरं सांगायचं तर त्याला त्यांच्या तोंडून शाबासकी ऐकायची होती.

बुवा आले. राशीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खळ्याला वळसा घालून ते मागे रचलेल्या कडब्यापाशी गेले आणि काठीच्या टोकाने एकेक पेंढी मोजू लागले. माणसं खोळंबली, नारळ हातातच राहिला. मोजून झाल्यावर ते म्हणाले, "रेवणा, चैत्राच्या अमावास्येपर्यंत."

एवढंच बोलले. राशीला हात जोडले आणि काठी टेकत घरी निघून गेले. मागे हशा पिकला. म्हाताऱ्याची बुद्धी चळली, असं कुणी म्हणालं. रेवणला हसू आलं नाही. भरल्या खळ्यावर, चारचौघांत गुरूने आपला पाणउतारा केला असं त्याला वाटलं आणि ते त्याच्या मनाला फार लागलं.

चैत्राच्या अमावास्येला त्याचा कडबा खरोखरच संपला. पण बिघडलं कुठे? शेजाऱ्यांकडे जुन्या जोंधळ्याच्या गंजी उभ्या होत्या. रेवणने थोडा दाणा दिला, कडबा घेतला. कोसी पोटभर खात राहिली, आईची दूधभाकरी चालू राहिली, आणि बुवांचं बोलणं रेवणने डोक्यातून काढून टाकलं.

पुढच्या वर्षी साऱ्या गावाने बुटका जोंधळा पेरला. बियाणं रेवणच्याच खळ्यावरचं. त्याने ते मोकळ्या हाताने वाटलं, हातचं काही राखलं नाही. उंच जोंधळा उरला तो एकट्या बुवांच्या तुकड्यात. माघात घरोघरी कणग्या भरल्या, पोती ओसरीवर आली. लोकांनी रेवणला डोक्यावर घेतलं.

मग चैत्राची अमावास्या आली. रेवण कडब्यासाठी गावभर फिरला. ज्याच्या दारात जावं तो घरधनी त्यालाच विचारी, तुझ्याकडे आहे का रे चार पेंढ्या? बियाणं शेजारच्या गावांतही पोचलं होतं, तिथेही तीच तऱ्हा. वैशाखात जनावरं बाजाराच्या वाटेला लागली. रोज दोन-चार दावी रिकामी होत होती. बुवांनी आपल्या गंजीतून मागेल त्याला दिलं, पण एका गंजीवर गाव कसा जगणार? रेवण मात्र त्यांच्या दारी गेला नाही. कोणत्या तोंडाने जायचं, हा त्याचा प्रश्न होता.

कोसीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. दूध वाटीवरून पळीवर आलं, मग तेही थांबलं. आईला त्याने भाकरी पाण्यात भिजवून दिली, आंबील करून दिली. दोन घास घेऊन ती वाटी बाजूला सारी. तक्रार तिने कधी केली नाही. एकदाच म्हणाली, "बाळा, घर भरलंय रे. माझ्या तोंडापुरतंच काही नाही त्यात."

ते ऐकून रेवण उठला, कणगीतून टोपलीभर जोंधळा काढला आणि कोसीपुढे ठेवला. उपाशी जीव तो. तिने सगळा फस्त केला. त्याने आणखी एक टोपली ओतली. मूठभर भरडा गाईला मानवतो, पण उपाशी पोटात टोपल्यांनी दाणा गेला तर तोच तिचा घात करतो. रेवण शेतकऱ्याचा पोर, त्याला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? पण एवढं धान्य घरात असताना समोर गाईचा उपास त्याला बघवेना. सकाळी कोसी पोट फुगून आडवी पडली होती. दुपारपर्यंत ती गेली.

तिसऱ्या दिवशी बुवा आले. खांद्यावर कडब्याची एक पेंढी. रेवणशी न बोलता ते गोठ्यात शिरले, पेंढी रिकाम्या गव्हाणीत ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसले. रेवणचा संताप अनावर झाला.

"आता कशाला, बुवा? गाय गेली माझी."

"गेली म्हणूनच आणली," बुवा म्हणाले. "रेवणा, दाणा हा आपला वाटा आणि धाटाचा कडबा हा तिचा. जे आपल्याला चाववत नाही ते ती खायची, आणि ज्याला काहीच चाववत नाही त्याच्यासाठी त्या कडब्याचं दूध करायची. उरलंसुरलं शेण होऊन रानात जायचं. तू तिचा वाटा कापून आपल्यात घातलास आणि म्हणालास, पीक वाढलं."

रेवण खाली बसला.

बुवा पुन्हा बोलले, पण आता त्यांचा आवाज खाली आला होता. "आणि मी तरी काय केलं? पेंढ्या मोजल्या आणि घरी गेलो. माझा शिष्य आहे, त्याचं त्याला कळेल, असा ताठा धरला. स्पष्ट चार शब्द बोलायला हवे होते. ही गाय तुझ्या एकट्याच्या माथी नाही."

ते गेल्यावर रेवणने गव्हाणीकडे पाहिलं. पेंढीची कणसं खुडलेली नव्हती. जुन्या, उंच जोंधळ्याचं बियाणं होतं ते.

आई आषाढात गेली. शेवटचे आठ दिवस तिला पेजेचं पाणीही उतरत नव्हतं, आणि उशाशी कणग्या तशाच भरलेल्या होत्या.

भादवा सरताना रेवणने सगळ्या रानात उंच जोंधळा पेरला. गोठ्यात स्वतःचं जनावर नाही, पाभरीला बैल उसने, दूध प्यायला घरात कुणी नाही. लोकांनी विचारलं, कुणासाठी रे? त्याने पाभर चालवत ठेवली. माघात रास पडली ती निम्मीच. बघायला कुणी आलं नाही. बुवा तेवढे आले, तेव्हा रेवण राशीकडे पाठ करून कडब्याच्या पेंढ्या मोजत होता. त्याचं मोजून होईपर्यंत ते उभे राहिले.

"कुठवर पुरेल?" त्यांनी विचारलं.

रेवणने शेवटच्या पेंढीवर हात ठेवला.

"आषाढ निघेल, बुवा," तो म्हणाला.