मोहाखालची आग

काशीच्या गादीवर सुबाहू नावाचा राजा असताना बोधिसत्त्वाने एका रानातल्या गावात जन्म घेतला होता. गावाचे नाव मधूकग्राम आणि त्याचे नाव पूर्णक. वडिलांमागून गावाचे प्रमुखपण त्याच्याकडे आले. गाव मोहाच्या झाडांवर जगत असे. चैत्रात पहाटे फुले गळत. ती वेचायची, वाळवायची, वर्षभर खायची आणि उरतील ती नगरात विकायची.

फुले वेचण्याआधी झाडाखालचा वाळका पाला दूर करावा लागे. खराट्याने झाडायला अख्खी सकाळ जाई. आग लावली तर पेज पिऊन होईतो जमीन काळी आणि मोकळी होई, आणि तिच्यावर पडलेली पिवळट फुले लांबून दिसत. म्हणून सगळे आगच लावत. कधी ती आग रानात शिरे, डोंगर जळत राही, आणि लोक अंगणात बसून म्हणत, विझेल आपोआप.

बोधिसत्त्वाला हे पाहवत नसे. गावातली घरे कुडाची, छपरे गवताची, आणि गवताच्या गंजी भिंतींना टेकलेल्या. दर फाल्गुनात तो लोकांना बोलावून सांगे, "पाला झाडा, जाळू नका. गंजी घरापासून लांब रचा. गावाभोवती एक पट्टा साफ ठेवू. आग आली तरी तिला तिथे खायला काही मिळणार नाही." लोक मान डोलवत आणि घरी जाऊन विसरत. पाठीमागे त्याला खराटेदादा म्हणत. ते त्याच्या कानावर येई, तो हसे आणि एकटाच पट्टा झाडायला लागे. त्याच्या दयेचे मला फारसे नवल वाटत नाही. नवल वाटते ते त्याच्या चिकाटीचे.

पट्ट्यात एकच जागा अडली होती. तिथे खदिरकाची गंजी होती. खदिरक हा गावातला वडीलधारा माणूस, सर्वांत मोठ्या घराचा मालक. "आमची गंजी आजोबांपासून इथेच आहे, पूर्णका," तो म्हणे, आणि बोलणे तिथेच संपे.

एका वर्षी पावसाळ्यात पाटला नावाच्या बाईचा नवरा साप चावून गेला. तिच्या पदरात एक मुलगा आणि एक तान्ही मुलगी. झाडत बसायला तिला सवड कुठली? पुढच्या चैत्रातल्या एका दुपारी मुलगी झोळीत झोपली तशी ती रानात गेली आणि आपल्या झाडाखालचा पाला तिने पेटवला. हातात हिरवी फांदी घेऊन ती तिथेच उभी होती. ती बेसावध नव्हती. पण वारा फिरला.

पट्टा झाडणाऱ्या बोधिसत्त्वाने तिला फांदीने आग झोडपताना पाहिले. तो धावत गेला. दोघांनी मिळून झोडपली. तिच्या तळहातांना फोड आले, तरी आग उंच गवतात शिरलीच.

"घराकडे पळ," तो म्हणाला. "पोरांना घेऊन ओढ्यात उतर."

तो स्वतः पट्ट्याकडे परतला. गवताची चूड पेटवून त्याने पट्ट्याबाहेरचे गवत आधीच जाळून टाकायला सुरुवात केली, म्हणजे मागून येणारी आग तिथे उपाशी राहावी. जिथवर पट्टा होता तिथवर ती थांबली. खदिरकाच्या गंजीपाशी पट्टा नव्हता. आग तिथून आत आली आणि छपरामागून छप्पर घेत गेली.

लोक ओढ्याच्या पाण्यात उभे राहिले म्हणून जगले. पाटला घरी पोचली, मुलाला तिने बाहेर काढले. मुलीसाठी ती पुन्हा वळली तेव्हा छप्पर खाली आले होते.

गाव जाळणाऱ्याला त्याच आगीत टाकावे, असा त्या मुलखाचा रिवाज होता. राख अजून धुमसत असताना ओढ्याकाठी माणसे जमली. ज्या घराची गंजी आडवी आली होती त्याच्या धन्याचाच आवाज सर्वांत चढा होता.

"पेटती चूड मी तुझ्या हातात पाहिली," खदिरक म्हणाला. "होती की नव्हती?"

"होती," बोधिसत्त्व म्हणाला.

"गवत पेटवलंस?"

"पेटवलं. येणारी आग अडवायला."

"मग ती येणारी आग कोणी लावली?"

पाटला मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तळहात तिने पदराखाली घेतले होते. तिने मान वर केली. बोधिसत्त्वाने तिच्याकडे पाहिले नाही. तो खोटे बोलू शकत नव्हता, आणि खरे बोलला असता तर ते पोर संध्याकाळपर्यंत अनाथ झाले असते. तो गप्प राहिला. लोकांनी त्या गप्प राहण्याचा हवा तो अर्थ लावला.

प्रमुख म्हणून त्याचा जीव त्यांनी राखला आणि त्याला गावाबाहेर काढले. जाताना तो एवढेच म्हणाला, "पाला जाळू नका. झाडा." कोणीतरी हसले. एका म्हातारीने त्याच्यावर चिखल फेकला. तिचे घर गेले होते, तिला मी दोष देत नाही.

पाटला उतारापर्यंत त्याच्यामागे आली.

"दादा, मी परत जाऊन सांगते."

"पोराला कोण बघेल?"

"मला आता झोप लागायची नाही."

"नाही लागायची," तो म्हणाला. तिला द्यायला याहून बरे काही त्याच्यापाशी नव्हते.

तो नदीपलीकडच्या टेकडीवर झोपडी बांधून राहिला. पुढच्या चैत्रात नव्या छपरांच्या गावाभोवती, मोहांच्या बुडाशी, त्याला धूर दिसला. लोकांच्या लेखी आग पूर्णकाने लावली होती, आणि पूर्णक तर हाकलला गेला होता. मग भिण्याचे कारण कोणाला उरले नव्हते. तो सांगायला खाली उतरला. लोकांनी त्याच्यावर कुत्री सोडली. आपण त्या आईला वाचवले तेव्हाच आपला शब्द गावातून गेला, हे त्याला परतताना कळले, आणि तो वाटेत बसून रडला. दुसरे काय करायला हवे होते, हे त्याला तेव्हाही सुचले नाही.

त्या वर्षी वारा पडलेला होता. त्याच्या पुढच्या वर्षी तो सुटला आणि गाव पुन्हा जळले. नंतर तिथे कोणी घर बांधले नाही.

भिक्खूंच्या सभेत ही कथा एवढी सांगून तथागत थांबले. मग म्हणाले, "भिक्खूंनो, तो पूर्णक मी होतो. गावकरी म्हणजे ही इथे बसलेली सभा. खदिरक म्हणजे नेहमी माझ्या वाइटावर असणारा देवदत्त, असे तुमच्या मनात आले असेल. तो देवदत्त नव्हता. तुमच्यातलाच एक होता, आणि आज भला भिक्खू आहे."

"आणि ती बाई, भगवन्?" एकाने विचारले.

"तिचे नाव मी तेव्हा सांगितले नाही," तथागत म्हणाले. "आज ती कोण आहे, तेही सांगणार नाही."

त्या जन्मात बोधिसत्त्वाची क्षांती, म्हणजे सोसण्याची साधना, पूर्ण झाली. गाव वाचले नाही.