बेहड्याखालची पंगत

मुलांनो, डोंगराच्या दक्षिणेकडच्या उतरणीला एक जंगल होते आणि त्या जंगलात एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर, पाठीवर लांब काळेपांढरे काटे असलेले. तिचे कुणाशीही वैर नव्हते. वाटेत भेटणारा तिला "बरी आहेस ना?" एवढे विचारी आणि चार हात लांबून निघून जाई. काट्यांजवळ कोण थांबणार? साळू रोज एकटीच कंद खणी, एकटीच खाई आणि उरलेला दिवस बिळाच्या तोंडाशी बसून इतरांची ये-जा पाहत राही.

एका वर्षी पाऊस जेमतेम पडला. माघ सरता सरता गवत करपून गेले. एके दिवशी साळू एका मोठ्या बेहड्याच्या झाडाखाली कंद खात असताना एक सशीण तिच्यापासून चार हातांवर येऊन उभी राहिली. तिच्या बरगड्या मोजता आल्या असत्या.

"मावशी, काय खाताय?"

"कंद आहे. जमिनीत असतो, हात-दीड हात खाली."

"एवढं खणायचं म्हणजे कंद मिळण्याआधी माझे पंजेच संपायचे!"

साळूने कंद मोडला आणि अर्धा पुढे ढकलला. सशीण तो घेऊन पळाली नाही. तिथेच बसून खाऊ लागली आणि खाता खाता बोलू लागली. तिला चार पिल्ले होती. त्यातले धाकटे भारी चिडके होते, भूक लागली की आईचाच कान चावायचे. साळू ऐकत राहिली. आपल्या शेजारी बसून शेवटचे कोण जेवले होते, हे तिला काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी सशीण पिल्लांना घेऊन आली. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा वानर आला. त्याचा एक हात निकामी झाला होता आणि टोळी त्याला मागे ठेवून पुढे गेली होती. मग उंदीर आले, लंगडे भेकर आले. साळूच्या एकटीच्या खणण्याने पुरेना. तेव्हा ती ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडे गेली.

"डुक्करदादा, तुम्ही दिवसाला वीस कंद उकरता. त्यातले दोन बेहड्याखाली आणून टाकाल का?"

"का? माझं लग्न आहे तिथं?" रानडुक्कर म्हणाले.

"लग्न नाही, पण पंगत आहे. उपाशी बसलेल्यांची."

रानडुक्कर गुरगुरले. पण दुसऱ्या दिवशी बेहड्याच्या झाडाखाली दोन कंद येऊन पडले. त्यातला एक अर्धा खाल्लेला होता. अस्वलाने मधाच्या पोळ्याचा तुकडा ठेवला. वानरांच्या टोळीनेही, जरा ओशाळून, बोरे टाकली. असे होता होता रोज उन्हे कलली की बेहड्याखाली पंगत बसू लागली. खाण्याआधी सगळे एका आवाजात म्हणत, "या रानात कुणी उपाशी झोपणार नाही." साळूच्या डावीकडे सशीण बसे, उजवीकडे म्हातारा वानर. काटा लागू नये म्हणून साळू अंग चोरून बसे आणि तरीही तिला बरे वाटे.

फांदीवरचा कावळा म्हणे, "काय साळूबाई, सदावर्त जोरात आहे! उद्यापासून माझंही पान मांडा. काम काही करणार नाही, पण मान छान हलवीन."

सगळे हसत. साळूही हसे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. साळूला एक विद्या येत होती. कंद खाताना त्याचा वेलाकडचा माथा मोडून बाजूला ठेवायचा. जमिनीत वीतभर खाली एक चपटा दगड बसवायचा, त्यावर भुसभुशीत माती ओढायची आणि तो माथा त्यात पुरायचा. पावसाळ्यात वेल फुटतो. दगड आडवा आल्याने कंद खोल जात नाही, आडवा पसरतो. पुढच्या उन्हाळ्यात सुकलेला वेल धरून नखाने उकरले तरी हाती लागतो. साळू लहान होती, तिचे पंजे कोवळे होते, तेव्हा तिची आई तिच्यासाठी असे कंद लावून ठेवत असे. आता साळू तेच करी. कुणी जागे होण्याआधी, भल्या पहाटे, बेहड्याच्या आसपास ती माथे पुरून ठेवी.

एकदा सशिणीने विचारले, "मावशी, कंद कुठे असतो ते कसं कळतं तुम्हाला? आम्हालाही शिकवा की."

साळूच्या तोंडून पटकन निघाले, "ते तुमच्या पंजांचं काम नाही गं. मी आहे ना."

सशिणीने मान डोलावली. त्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर साळू बराच वेळ झाडाखाली बसून राहिली. आपण खोटे बोललो हे तिला ठाऊक होते. का बोललो हेही ठाऊक होते. यांना शिकवले तर उद्या हे आपापल्या जागी उकरतील आणि आपापल्या जागीच खातील. मग इथे कोण येणार? तिने मनाशी ठरवले, पुढच्या वर्षी सांगू.

पुढचे वर्ष आले आणि गेले. त्यानंतरचेही गेले. पंगत वाढतच चालली. दूरदूरची जनावरे साळूचे नाव ऐकून येऊ लागली. एकदा म्हातारा वानर कंद चघळत म्हणाला, "साळूबाई, राग मानू नका. पण तीन वर्षं झाली, मी रोज तुमच्यापुढे हात पसरतोय. एकच हात उरलाय माझा, तो सारखा पसरलेलाच असतो. हे कधी संपायचं?"

"संपेल हो आजोबा," साळू म्हणाली. पण तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

चौथ्या उन्हाळ्यात खणताना एक धोंडा निसटून साळूच्या पुढच्या पंजावर पडला. पंजा सुजला. पाच दिवस तिला बिळातून बाहेर येता आले नाही. रानडुक्कर, अस्वल आणि वानरांची टोळी, सगळेच पाण्याच्या शोधात डोंगरापलीकडे गेले होते. सहाव्या दिवशी साळू तीन पायांवर लंगडत बेहड्याखाली आली.

पंगत बसलेली होती, पण पुढे काहीच नव्हते. सशिणीची पिल्ले एकमेकांवर पडून होती. साळूला पाहताच सगळ्यांनी माना वर केल्या. फक्त म्हातारा वानर तसाच राहिला. तो बुंध्याला टेकून बसलेला होता, हात मांडीवर उपडा होता.

"काल गेले," सशीण हळूच म्हणाली. "शेवटपर्यंत वाटेकडे डोळे होते. म्हणत होते, साळूबाई येतील."

साळूने त्याच्या पायांकडे पाहिले. पायाजवळ एक सुकलेला वेल होता. त्याचा माथा तिनेच पुरला होता. तिने चांगल्या पंजाने तिथली माती ओढली. वीतभर खाली मोठा, आडवा कंद होता. वानराच्या एका हातानेही तो सहज निघाला असता.

सगळे त्या कंदाकडे पाहत राहिले.

"मला ठाऊक होतं," साळू म्हणाली. "या झाडाभोवती असे साठ-सत्तर कंद आहेत. तुम्हा कुणालाही उकरता आले असते. मी सांगितलं नाही."

"का?" सशिणीने विचारले.

"तुम्ही आला नसता म्हणून."

सशीण म्हणाली, "मावशी, आम्ही कंदासाठीच येत होतो. आता खोटं कशाला बोलू? पण आजोबा तर तुमची वाट पाहत गेले."

साळूने पिल्लांना पुढे बोलावले. "तो वेल धरा. ओढू नका, नुसता धरा. आता जिथे तो जमिनीत शिरतो तिथे उकरा." चिडक्या धाकट्याला पहिला कंद सापडला. त्या दिवशी सगळ्यांनी स्वतः उकरून खाल्ले. मग साळूने माथा कसा मोडायचा ते दाखवले, दगड कसा बसवायचा ते दाखवले. पंजा दुखत होता, तरी ती रोज दाखवत राहिली. रानडुक्कर परत आल्यावर त्यालाही तिने कामाला लावले. कडक जमीन त्याने फोडायची, दगड भेकराने ढकलायचे, माथे उंदरांनी पुरायचे.

"म्हणजे मी खायचं कमी आणि नांगरायचं जास्त!" रानडुक्कर कुरकुरले. पण त्याने उतरणीची एक बाजू पुरी फोडून दिली.

पावसाळ्यात साऱ्या उतरणीवर वेल चढले. पुढच्या उन्हाळ्यात गवत करपले, तेव्हा साळू नेहमीप्रमाणे उन्हे कलताना बेहड्याखाली येऊन बसली. कुणीच आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कावळासुद्धा फांदीवर नव्हता. साळू कान देऊन बसली. वरच्या अंगाला कुणीतरी माती उकरत होते. ओढ्याच्या बाजूला कुणीतरी उकरत होते. झुडपाच्या पलीकडेही नखांचा आवाज येत होता.

झुडपापलीकडे सशिणीचे धाकटे पिल्लू होते. आता ते चांगले मोठे झाले होते. परक्या रानातून आलेल्या एका उपाशी सशाला ते सांगत होते, "अरे, माथा खाऊ नकोस! तो परत मातीत ठेवायचा. आधी दगड, मग माती."

"तुला हे कुणी शिकवलं?" परक्या सशाने विचारले.

"शिकवायचं काय त्यात? इथं सगळ्यांनाच येतं."

साळूने ते ऐकले. झुडपापलीकडे जाऊन आपले नाव सांगावे, असे क्षणभर तिच्या मनात आले. ती उठली. पण झुडपाकडे न जाता आपल्या बिळाच्या वाटेला लागली. मागे माती उकरल्याचे आवाज चालूच होते.

तात्पर्य : दुसऱ्याचे दारिद्र्य दूर करायला निघालेल्याने, एक दिवस आपली कुणालाच गरज उरणार नाही, यासाठीच झटावे, आणि तो दिवस आला की त्याचे एकटेपण मुकाट्याने सोसावे.