दहा पावसाळ्यांची हमी

फार पूर्वी समुद्रकाठच्या एका डबक्यात एक चिंबोरा, म्हणजे मोठा खेकडा, रिकामे शंख विकायचा. काही खेकड्यांना स्वतःचं पुरतं कवच नसतं, ते शंखातच राहतात. त्यामुळे त्याला गिऱ्हाईक कधी कमी पडलं नाही.

एका खेकडीने जाडजूड शंख निवडला. चिंबोरा म्हणाला, "ताई, वस्तू एकदम पक्की आहे. पण उद्या तडा गेला तर? रोजच्या प्रत्येक घासातला अर्धा मला द्या, दहा पावसाळे हमी माझी."

पक्की आहे तर तडा कसा जाईल, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती घाबरली आणि कबूल झाली.

दोन पावसाळे तिने अर्धपोटी काढले. शंखावर ओरखडाही उठला नाही. तिसऱ्या वर्षी मात्र तो तिला घट्ट होऊ लागला.

"मोठा बदलून द्या," ती म्हणाली.

"आधी तडा दाखवा," चिंबोरा म्हणाला.

तडा नव्हताच. तिने शंख तिथेच सोडला आणि दुसरा, मोठा शोधून काढला. तेवढ्यात एक छोटा खेकडा तिचा जुना शंख ठोकून बघू लागला. चिंबोरा लगेच पुढे सरकला. "दादा, वस्तू एकदम पक्की आहे. पण उद्या..."

खेकडी वळून छोट्याला म्हणाली, "घास तूच खा रे. वाढायचंय तुला, शंखाला नाही."