झापडांखालचा डोळा

घरोघरी घाण्याचं तेल यायचं, त्या काळची गोष्ट. रावबा तेली रोज सकाळी पवळ्या बैलाच्या डोळ्यांना झापडं बांधून त्याला घाण्याला जुंपायचा. एके दिवशी पवळ्या मध्येच थांबला.

“चल की रे,” रावबा म्हणाला.

“मालक, झापडं काढा. डावा डोळा फार ठणकतोय.”

रावबाने झापडं काढली. डोळा सुजून मिटला होता, गालावर पू वाळला होता.

“कधीपासून?”

“आठ दिवस झाले.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्ही पाहिलं असेल. रोज तुम्हीच तर बांधता.”

घाणा तसाच सोडून रावबा पवळ्याला घेऊन चार कोसांवरच्या गुरांच्या वैदूकडे निघाला. वैदूने औषध घातलं. डोळा वाचेल म्हणाला. परतताना पवळ्याला डावीकडचं दिसत नव्हतं, म्हणून रावबा चारही कोस त्याच्या डाव्या अंगाने, मानेवर हात ठेवून चालला.