चार बोटे खाली

एकदा एक गवा माणसांवर उठला. एरवी हा धिप्पाड प्राणी आपल्याच तंद्रीत चरतो, कुणाच्या वाटेला जात नाही. हा मात्र पुढच्या पायाने लंगडत असे आणि माणूस दिसला की धावून येई. ही संस्थानी काळातली, घाटमाथ्यावरच्या एका खेड्यातली गोष्ट. पाणवठ्यावर गेलेल्या एका तरुणाला त्याने शिंगावर घेतले. तेव्हा मेलेल्या तरुणाचा थोरला भाऊ हैबत याने चंग बांधला, की गवा लोळवीन तेव्हाच घरचे सुतक फिटले असे मानीन.

हैबत एका वृद्ध शिकाऱ्याचा शिष्य. वृद्धाला सारे वस्ताद म्हणत. हैबतने घाई केली असे मात्र कुणी समजू नये. त्याने नीट विचार केला होता. त्याची रोजची गोळी हलकी, मऊ टोकाची, रानडुकराला पुरणारी. गव्याच्या जाड कातड्यात ती वरच्यावर फुटली असती. म्हणून तो दरबारच्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रे ठेवायच्या कोठारात गेला, हातापाया पडला आणि जड, टणक टोकाच्या गोळ्यांची पाच काडतुसे घेऊन आला. बंदूक तीच, तिला दोन्ही चालत.

गवा पाणवठ्याजवळच्या झाडीत बसल्याची बातमी सकाळीच आली. हैबत निघाला, तर वस्तादांनी त्याला उंबऱ्यातच अडवले. समोरच्या मातीच्या दरडीवर चुन्याचा ठिपका काढवला आणि म्हणाले, "मार."

हैबत चरकला. बंदुकीच्या आवाजाने गवा उठून जाईल, एवढे तर पोरालाही कळते! म्हाताऱ्याला चळ लागला, असे लोक उघड बोलू लागले. पण वस्तादांचा शब्द मोडायची रीत नव्हती. त्याने दातओठ खात बार काढला. गोळी ठिपक्याच्या चार बोटे खाली लागली. रागाने हात हलला असेल, असे त्याला वाटले. वस्तादांनी पुन्हा मारायला लावले. पुन्हा चार बोटे खाली. तिसरीही तिथेच. तेवढ्यात गवा डोंगर चढून गेल्याची हाकाटी झाली आणि हैबतच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

"वस्ताद, माझ्या भावाचा वैरी आज तुम्ही हातचा घालवलात."

वस्ताद शांतपणे म्हणाले, "गोळी तू बरोबर निवडलीस. जनावर ओळखलंस. पण बंदुकीचा नेम बसवला आहेस हलक्या गोळीवर. जड गोळी खाली उतरते. आज काळजावर धरली असतीस, तर ती पायात बसली असती. तशानं गवा मरत नाही हैबत, पिसाळतो. बाहेरून आणलेलं बळ आपल्या हाताला ओळखीचं व्हावं लागतं. ते मातीपुढं करून घ्यायचं. गव्यापुढं सवड मिळत नाही."

हैबतने डोळे पुसले. उरलेली दोन काडतुसे कमरेला लावली आणि गव्याचा माग धरला. पलीकडच्या खोऱ्यात गवा त्याच्या समोर आला, मान खाली घालून धावलाही. हैबत हलला नाही. वाटेच्या वळणावर गव्याची कूस समोर येताच त्याने चार बोटे वर नेम धरला. एकाच गोळीत गवा जागच्या जागी कोसळला.

शिकारीचे कातडे दरबारात पोचवायची रीत होती. ते सोलताना पुढच्या पायाच्या मुळाशी सुरी अडली. हाडात एक जुनी गोळी रुतली होती; जड, टणक टोकाची. हैबतने आपल्या गोळीच्या जखमेपासून तिथवर बोटे टेकवून पाहिली. चार भरली.

त्याने ती गोळी धुतली आणि वस्तादांपुढे आणून ठेवली. "ही मारणाराही माझ्यासारखाच विचार करून जड गोळी घेऊन आला असेल," एवढेच तो म्हणाला. वस्तादांनी मान हलवली. भावाचा वैरी कोण, हे हैबतने पुन्हा कधी बोलून दाखवले नाही.