खोट्या समुद्रातल्या चाळीस बोटी

एका बंदरगावात एक लहानसं संशोधन केंद्र होतं. बुधवारी दुपारी सगळे डबे उघडून बसले असताना तिथे फोन आला. आदल्या दिवशीच्या वादळात लांब गेलेल्या तीन बोटींपैकी दोन कशाबशा परतल्या होत्या. तिसरी आली नव्हती. ती कल्पेश चोगलेची होती. त्याची बहीण प्रणिता याच केंद्रात प्रोग्रॅम लिहायची. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि ती धक्क्याकडे निघाली.

ती बोट का आली नाही, ते प्रणिताला ठाऊक होतं.

गावातल्या बोटींवर वादळाचा इशारा ऐकवणारी बिनतारी यंत्रं बसवण्याआधी त्यांची परीक्षा केंद्रातल्या संगणकावर झाली होती. पडद्यावर एक खोटा समुद्र होता आणि त्यात चाळीस खोट्या बोटी. किनाऱ्यावरून वादळाचा इशारा सोडायचा आणि तो किती बोटींना मिळाला ते बघायचं. जवळच्या बोटीला इशारा जलद पाठवला तरी कळतो. लांबच्या बोटीला तो सावकाश पाठवावा लागतो, नाहीतर वाटेतच विरून जातो. प्रणितानं वेग दुप्पट केला. चाळीस बोटींना इशारा मिळाला. चौपट केला, तरी चाळीस. केंद्राचे प्रमुख देवधर सर खूश झाले. जलद वेगानं थोड्या वेळात जास्त इशारे जातात, म्हणून यंत्रं त्याच वेगावर ठेवायची असं ठरलं. अहवाल छापायला गेला.

एकदा प्रणिताचे वडील, हरेश्वर, तिला घ्यायला केंद्रात आले. त्यांचा सगळा जन्म समुद्रावर गेला होता. ते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“तुझ्या समुद्रात अंतर नाही वाटतं, पोरी?”

“आहे की, बाबा.”

“मग लांबच्याला आणि जवळच्याला सारखंच कसं ऐकू येतं?”

ती हसली. पण दुसऱ्या दिवशी तिनं प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचला. त्याचे दोन भाग होते. पहिला इशाऱ्याचा वेग ठरवायचा, दुसरा तो इशारा समुद्रावरून न्यायचा. पहिल्यानं ठरवलेला वेग दुसऱ्याला कधी कळवलाच जात नव्हता. दुसरा आपला प्रत्येक इशारा सर्वांत सावकाश वेगानं नेत होता. जलद इशाऱ्याची परीक्षा झालेलीच नव्हती. चूक तिचीच होती. तीन ओळी लिहायच्या राहिल्या होत्या.

ती देवधर सरांकडे गेली.

“तीन ओळी ना? मग घाला,” ते म्हणाले.

“सर, सगळ्या चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतील. तीन आठवडे.”

“आणि शुक्रवारी उद्घाटनाला येणाऱ्यांना काय सांगू? आमचा समुद्र चुकला? पुढच्या आवृत्तीत बघू.”

प्रणिता म्हणाली, “बरं, सर.” छापून आलेल्या अहवालावर तिची सही हवी होती. ती तिनं केली.

यंत्रं बसली. कल्पेशनं तिला धक्क्यावर चिडवलं, “ताई, ही पेटी तुझ्यावरच गेलीय. सदा गप्प. बोलणार कधी?”

“वारा फिरला की बोलेल,” ती म्हणाली. एवढ्यावर तिनं विषय संपवला.

मंगळवारी सकाळी वारा फिरला. किनाऱ्यावरून इशारा गेला. जवळच्या सगळ्या बोटी दुपारपर्यंत परतल्या. लांबच्या तिघांच्या पेट्या गप्पच राहिल्या. दोघं आभाळ बघून मागे वळले. कल्पेश आणखी पुढे होता. चौथ्या दिवशी त्याची बोट सापडली, रिकामी.

चौकशी झाली. देवधर सरांनी नोंदवही पुढे ठेवली. इशारा किती वाजता सोडला, ते तिच्यात लिहिलेलं होतं. पोचला का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर देणारी प्रणिता मागच्या खुर्चीवर बसलेली होती.

हरेश्वर आता समुद्रावर जात नाहीत. घरी कुणी भेटायला आलं की म्हणतात, “यंत्रानं हाक मारली होती. माझ्या पोरालाच मासळीचा लोभ आवरला नाही.” मेलेल्या मुलावरचा त्यांचा राग अजून गेलेला नाही. प्रणिता पाहुण्यांपुढे चहा ठेवते आणि आत जाते.

कल्पेशला हाक ऐकूच आली नव्हती, हे तिनं वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

तात्पर्य: जे आपल्याला कळलं आहे, ते ज्याचा जीव त्यावर अवलंबून आहे त्याला वेळेवर सांगावं. पहिल्यांदा गप्प बसलेल्याला पुढे प्रत्येक वेळी गप्प बसणं सोपं जातं, आणि त्याचा दोष दुसऱ्याच्या माथी राहतो.