न वाचलेलं चौथं पान

तालुक्याच्या एका गावात केतकी नावाची मुलगी राहत होती. कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि डोक्यात एकच ध्यास, वकील व्हायचं. प्रवेश परीक्षेची पुस्तकं तिला तोंडपाठ होती. न्याय म्हणजे काय, असं विचारलं तर ती एका दमात पाच व्याख्या सांगे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती सबनीस वकीलबाईंकडे काम शिकायला जाऊ लागली. सुट्टीअखेर बाईंनी शिफारसपत्र दिलं, की शहरातल्या मोठ्या लॉ कॉलेजात तिचा प्रवेश झालाच म्हणून समजा.

एके दिवशी ऑफिसात हौसाबाई आल्या. त्यांचा नवरा वारल्यावर पुतण्याने सामाईक विहिरीचं पाणी त्यांना बंद केलं होतं, आणि पाण्याविना शेत करपत चाललं होतं. त्याविरुद्ध त्यांनी वकीलबाईंमार्फत लावलेला दावा कोर्टात होता. हौसाबाईंची साक्ष सहा पानांच्या शपथपत्रात टाइप झाली होती, पण त्यांना अक्षरओळख नव्हती.

"केतकी, शब्द न् शब्द वाचून दाखव," कोर्टात निघालेल्या वकीलबाई म्हणाल्या. "मग अंगठा घे, आणि वाचून दाखवल्याची सही तू कर."

केतकीची चार वाजता क्लासात सराव परीक्षा होती. तिने तीन पानं वाचली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"आजी, पुढे तेच आहे. तुम्ही सांगितलं तसंच."

"बरं बाळा," म्हणत हौसाबाईंनी अंगठा उमटवला. केतकीने खाली सही ठोकली आणि ती पळाली. सराव परीक्षेत ती पहिली आली हो! घरी पेढे वाटले.

महिन्याभराने साक्ष निघाली. पुतण्याच्या वकिलाने चौथं पान उघडलं.

"विहीर पुतण्याने एकट्याने खणली, असं तुम्हीच इथे लिहून दिलंय ना?"

पुतण्याने कोर्टात दिलेल्या उत्तरातलं ते वाक्य टायपिस्टने नजरचुकीने इथे उतरवलं होतं. हौसाबाई गांगरल्या.

"न्हाई साहेब! इहीर माज्या मालकानं आन् म्या खणली. डोईवर माती वाहिली म्या."

"मग हा अंगठा कुणाचा?"

"माजाच हाय. पर ह्ये मला कुनी वाचून दावलं न्हाई."

"वाचून दाखवल्याची सही आहे इथे," न्यायाधीश कडक आवाजात म्हणाले.

लोक कुजबुजू लागले. जन्मभर खरं बोललेली बाई भर कोर्टात खोटी ठरत होती. केतकी मागच्या बाकावर बसली होती. सकाळीच मिळालेलं शिफारसपत्र तिच्या पिशवीत होतं. गप्प बसलं तर आजींची विहीर जाणार, बोललं तर पत्र. पाच व्याख्यांपैकी एकही त्या वेळी मदतीला आली नाही. तरी ती उठली.

"साहेब, ती सही माझी आहे. मी तीनच पानं वाचली होती. आजी खरं बोलतायत."

वकीलबाईंचा चेहरा उतरला. पण त्याही उभ्या राहिल्या. "न तपासता दाखल केलं, ही चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. न्यायाधीशांनी दोघींना खडसावलं आणि दुरुस्त शपथपत्र द्यायची परवानगी दिली. दावा बुडता बुडता वाचला.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी हात पुढे केला. केतकीने पिशवीतून पत्र काढून परत दिलं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचंच तिला जास्त रडू आलं.

दुसऱ्या दिवशी नवं शपथपत्र घेऊन ती हौसाबाईंसमोर बसली. सहाही पानं वाचायला तास लागला. हौसाबाई दर ओळीला थांबवून विचारत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "समदं झालं?"

"हो आजी, सगळं झालं."

"पोरी, मला वाचता येत असतं तर तुज्याकडं कशाला बसले असते? त्या दिशी म्या तुजे डोळे मागून घेतले व्हते. तू ते अर्ध्यात मिटलेस."

केतकीने मान खाली घातली आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.

तात्पर्य: जो आपल्या भरवशावर अंगठा उमटवतो, त्याच्या कामात केलेली घाई म्हणजे त्याचा घात, आणि स्वतःचं नुकसान सोसून चूक कबूल केल्याशिवाय त्या घाताची भरपाई होत नाही.